सरीनंतरचा सुवास

बँकेच्या नोकरीत माणूस वासांना सरावतो. वापरून मऊ पडलेल्या नोटांचा वास, शिक्क्याच्या शाईचा, पाकिटावर वितळवलेल्या लाखेचा, पावसाळ्यात ओल धरलेल्या जुन्या लेजरांचा. या सगळ्यांहून वेगळा वास असतो तो लॉकरच्या खोलीचा. जाड पोलादी दाराआड कोंडलेली हवा, मखमली डब्या, डांबरगोळ्या, पिवळी पडलेली खरेदीखते. खातेदाराने रजिस्टरवर सही केली की बँकेची किल्ली घेऊन त्याच्याबरोबर आत जायचे, आपली किल्ली फिरवायची, मग त्याची किल्ली फिरते, आणि कप्पा उघडला की आपण पाठ फिरवून बाहेर पडायचे. आत काय आहे ते पाहायचे नाही, ही आमची शिस्त. पण नाकाला पाठ फिरवता येत नाही.

१९८७ च्या सुमारास मी दादरच्या एका शाखेत होतो. तिथे एक वयस्क बाई महिन्या-दोन महिन्यांनी लॉकर उघडायला येत. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणत असू. त्यांचा कप्पा उघडला की डांबरगोळ्यांच्या वासातून एक वेगळीच झुळूक येई. अत्तर म्हणावे तर तिला अत्तराचा जडपणा नव्हता. लहानपणी आजीच्या कपाटातला पावडरचा डबा उघडला की फुलाच्या पफातून जे उडे, त्या जातीचे काहीतरी; त्यात फुले होती, पण कुठली ते सांगता येऊ नये इतकी दूरची. एकदा मी शिस्त मोडून विचारले. काकूंनी न रागावता रुमालात गुंडाळलेली एक काचेची बाटली काढून माझ्या हातात दिली. बाटली रिकामी होती. यजमान बोटीवर इंजिनिअर होते, त्यांनी कधीकाळी मार्सेयहून आणलेली. सोन्याशेजारी रिकामी बाटली ठेवणाऱ्या बाईंकडे मी जरा चमकून पाहिले असणार. त्या नुसत्या हसल्या. बाटलीवरच्या चिठ्ठीवरची फ्रेंच अक्षरे मी पैसे काढायच्या एका कोऱ्या स्लिपच्या पाठीवर उतरवून घेतली. घरी येऊन शब्दकोश उघडला. अर्थ निघाला: पावसाच्या सरीनंतर.

ती स्लिप पुढे बरीच वर्षे माझ्या पाकिटात होती. तिच्यामुळेच मी ज्या माणसाच्या मागे लागलो, त्याची ही हकीकत आहे. त्याचे नाव जाक गेर्लां. अत्तराच्या दुनियेत हे नाव आपल्याकडे गायकीतल्या घराण्याच्या मूळपुरुषाचे घ्यावे तशा अदबीने घेतले जाते. पण त्याच्या आयुष्याविषयी शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. मुलाखती देणे, सभासमारंभात मिरवणे त्याच्या स्वभावात नव्हते. जे काही बोलायचे ते तो बाटलीत भरून ठेवत असे.

जाकचा जन्म ७ ऑक्टोबर १८७४ रोजी पॅरिसजवळच्या कोलोंब या गावी झाला. जन्मला तोच सुगंधाच्या घरात. आजोबा पिएर-फ्रान्स्वा-पास्काल गेर्लां यांनी १८२८ मध्ये पॅरिसला दुकान काढले होते. १८५३ मध्ये त्यांनी सम्राज्ञी युजेनीसाठी एक कोलोन तयार केले आणि राजघराण्याचे अत्तरवाले असा लौकिक मिळवला. मधमाश्या कोरलेली ती बाटली अजूनही गेर्लांची ओळख आहे. आजोबांच्या मागे दोन मुलांनी कामे वाटून घेतली. थोरला एमे सुवास रचू लागला, धाकटा गाब्रिएल व्यवहार पाहू लागला. जाक हा गाब्रिएलचा मुलगा. म्हणजे जन्माने तो हिशेबाच्या बाजूचा. पण त्याचे नाक काकाच्या बाजूचे निघाले.

काका एमेने १८८९ साली, आयफेल टॉवर उभा राहिला त्याच वर्षी, 'झिकी' नावाचे अत्तर काढले. हे नाव इंग्लंडमध्ये राहून गेलेल्या एका प्रेयसीचे, असे काही जण सांगतात. काहींच्या मते ते पुतण्या जाकचे लाडाचे नाव. खरे काहीही असो, ते अत्तर मात्र पुढच्या काळाची दिशा दाखवणारे होते. तोवर अत्तर म्हणजे फुलाची नक्कल. गुलाबाचे अत्तर गुलाबासारखे, मोगऱ्याचे मोगऱ्यासारखे. 'झिकी' कुठल्याच एका फुलासारखे नव्हते. त्यात लव्हेंडर होते, आणि त्याच्या जोडीला प्रयोगशाळेत बनलेली कुमारीन आणि व्हॅनिलीन ही द्रव्ये होती. निसर्गात नसलेला वास माणूस रचू शकतो, हा धडा पंधरा वर्षांच्या जाकने घरातच पाहिला. पुढे त्याने रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आणि काकाच्या हाताखाली तो तयार झाला. १८९० च्या दशकात घराण्याची सुवासाची गादी हळूहळू त्याच्याकडे आली.

इथे जरा थांबून त्या काळाकडे पाहिले पाहिजे, कारण जाकचे कसब त्या काळाच्या खांद्यावर उभे आहे. तो जन्मला त्याच १८७४ साली जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि व्हिल्हेल्म हारमान यांनी व्हॅनिलीन प्रयोगशाळेत तयार केले. याच टीमानने पुढे आयरिसच्या मुळाचा ध्यास घेतला. आयरिस ही निळ्याजांभळ्या फुलांची वनस्पती. पण अत्तरवाल्यांना तिचे फूल नको असते, जमिनीखालचा कंद हवा असतो. कंद सुमारे तीन वर्षे जमिनीत वाढू द्यायचा, मग खणून, सोलून आणखी तीनेक वर्षे वाळत ठेवायचा. ताज्या कंदाला सांगण्यासारखा वास नसतो. वाळता वाळता त्यात व्हायोलेटच्या फुलासारखा, थंड, कोरडा सुवास भरत जातो. इतके करून एक टन कंदातून हाती येतो तो जेमतेम दोन किलो लोण्यासारखा अर्क. या सुवासाचे मूळ शोधताना टीमान आणि पाउल क्रूगर यांना १८९३ मध्ये एक निराळेच द्रव्य सापडले, आयोनोन. त्याला हुबेहूब व्हायोलेटचा वास होता. जो सुवास मिळवायला मूठभर श्रीमंतांनाच परवडे, तो आता रसायनांच्या कारखान्यात तयार होऊ लागला.

आपल्याला मजा वाटेल ती पुढेच आहे. आयोनोन बनते सिट्रलपासून, आणि सिट्रल मुबलक असते ते आपल्या गवती चहाच्या जातीच्या गवताच्या तेलात. हे तेल त्या काळी केरळच्या किनाऱ्यावरून युरोपात जाई. दुसरे द्रव्य हेलिओट्रोपिन. बदाम आणि व्हॅनिला यांच्या मधला, मऊ, पिठासारखा असा त्याचा वास. ते १८६९ मध्ये पहिल्यांदा हाती आले ते काळ्या मिरीतल्या द्रव्यापासून. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलला कार्नेशनच्या फुलाची झाक असते. बडीशेपेला तिचा वास देणारे जे अॅनिथोल, त्याच्यापासून हॉथॉर्न नावाच्या पांढऱ्या फुलांच्या काटेरी कुंपणाचा सुवास बनवता येतो. मिरी, लवंग, बडीशेप, गवती चहा. आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची ही मंडळी वेषांतर करून पॅरिसच्या बायकांच्या रुमालावर जाऊन बसली होती. मिरीचा तिखटपणा काढून टाकला की मागे इतका मवाळ सुवास उरतो, हे मला तरी अजून खरे वाटत नाही.

ही द्रव्ये सगळ्यांनाच उपलब्ध होती. ती भडकपणे वापरणारेही पुष्कळ होते. जाकने १९०६ साली त्यांचे जे केले, ते कोणी केले नव्हते. त्याने 'आप्रे लोंदे' काढले. सरीनंतर. काकूंच्या बाटलीवरचे नाव ते हेच.

पाऊस म्हटला की आपल्या नाकाला माती आठवते. कनौजचे कारागीर भट्टीत भाजलेली माती भांड्यात घालून तिचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. तेच मातीचे अत्तर. ती आपली पावसाची व्याख्या. उन्हाने होरपळलेली जमीन, पहिली सर आणि उसळणारा गंध. जाकचा पाऊस असा नाही. तो तापलेल्या भुईवर पडणारा नाही, वसंतातल्या बागेवर पडून गेलेला आहे. त्याच्या अत्तरात पाऊस दाखवलेलाच नाही. दाखवली आहे ती पाऊस थांबल्यानंतरची बाग: पाकळ्यांवर थेंब आहेत, ढगांतून फिकट ऊन उतरते आहे, कुंपणाच्या पायथ्याशी व्हायोलेटची फुले मान खाली घालून उभी आहेत. बडीशेपेची एक गार झुळूक आधी येते. तिच्यामागून व्हायोलेट आणि आयरिस, आणि अगदी शेवटी हेलिओट्रोपची उबदार, पिठूळ साय. बस्स. कुठेही आवाज चढत नाही.

अशा वासाला पाश्चात्त्य जाणकार पावडरी म्हणतात. शब्द ऐकायला बाळबोध आहे, पण त्याला इतिहास आहे. वाळलेल्या आयरिसच्या मुळाची भुकटी युरोपात शतकानुशतके केसांना आणि चेहऱ्याला लावायच्या पावडरीत पडत असे, कपड्यांच्या घड्यांत पुरचुंडी करून ठेवली जाई. व्हायोलेट आणि आयरिस म्हणजे पावडर, ही गाठ त्या नाकांत पिढ्यान्पिढ्या पक्की बसली. म्हणून हा सुवास आला की माणसाला फूल दिसण्याआधी माणूस दिसतो. आरशासमोर बसलेली आई, कुठल्याशा लग्नाला निघालेली मावशी, अंगावर घेऊन थोपटणारी आजी. तिथल्या लोकांना तो डबा आयरिसचा आठवतो, आपल्याला टाल्कमचा किंवा अफगाण स्नोच्या बाटलीचा. पण आठवण एकाच घरातली असते.

आणखी एक गंमत. आयोनोनला नाक फार लवकर थकते. व्हायोलेट हुंगावे, वास यावा, आणि दुसऱ्या क्षणी तो नाहीसा व्हावा. थोड्या वेळाने पुन्हा यावा. फूल तिथेच असते, आपल्यालाच ते क्षणभर कळेनासे होते. वासाचा हा लपंडाव इतर अत्तरवाल्यांना दोष वाटला असता. त्यांनी तो झाकायला कस्तुरी ओतली असती. जाकने त्यालाच अत्तराचा स्वभाव केला. लावणारी खोलीत आली की हे अत्तर तिच्या आधी आत येत नाही. ती शेजारी येऊन बसली, तिने पदर सावरला, तरच कळते. आणि ती उठून गेल्यावर, ती होती हे लक्षात येते. अबोल माणसांची सोबत अशीच असते.

जाकला त्याच्या काळातल्या चित्रांचे वेड होते. इम्प्रेशनिस्ट मंडळींची चित्रे तो जमवत असे. वस्तूपेक्षा वस्तूवरचा उजेड रंगवणारे ते चित्रकार, आणि फुलापेक्षा फुलाभोवतीची हवा बाटलीत भरू पाहणारा हा अत्तरवाला. चित्रांतून त्याने धडा घेतला असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण दोघे एकाच खिडकीतून बाहेर पाहत होते एवढे खरे.

जाकची थोरवी नीट मापायची तर त्याच्या एका समकालीनाला शेजारी उभे करावे लागते. फ्रान्स्वा कोटी. जन्म त्याच १८७४ सालचा, कॉर्सिका बेटावरच्या आजाक्सियोचा. जाकच्या पाठीशी दोन पिढ्यांचे दुकान, कोटी स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. पॅरिसच्या एका मोठ्या दुकानात त्याने आपल्या अत्तराची बाटली फोडली, बायकांची झुंबड उडाली आणि दुकानदाराला माल घ्यावाच लागला, अशी त्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, माणसाचा स्वभाव सांगते. त्याने मध्यमवर्गाला अत्तर लावायला शिकवले, अमाप पैसा केला, वर्तमानपत्र विकत घेतले, उजव्या राजकारणात उडी घेतली, आणि १९३४ मध्ये गेला तेव्हा ओहोटी लागलेली होती.

आता न्यायाने बोलायचे तर, नवी वाट बहुधा कोटीने पाडली आणि जाक त्या वाटेने नंतर गेला. कोटीचे 'लोरिगाँ' १९०५ चे, त्याच्या जवळचे जाकचे 'लर ब्लू' १९१२ चे. कोटीचे 'शीप्र' १९१७ चे, त्याच जातीचे जाकचे 'मित्सुको' १९१९ चे. जाकच्या भक्तांना हे आवडत नाही, पण सालांचा हिशेब कोणाच्या भक्तीवर चालत नाही. प्रश्न एवढाच की त्या वाटेवर जाऊन त्याने काय केले. कोटीच्या रचना म्हणजे ठळक अक्षरांतली जाहिरात. जाकने त्याच मजकुराची कविता केली. 'शीप्र'मधल्या शेवाळाच्या कोरड्या, उग्र वासावर त्याने पिकलेल्या पीचच्या सालीचा मवाळपणा पसरला आणि 'मित्सुको' झाले. कोटीचे 'शीप्र' कधीच बाजारातून गेले. 'मित्सुको'ने शंभरी ओलांडली.

'लर ब्लू' म्हणजे निळी वेळ. सूर्य मावळला आहे, दिवे लागायचे आहेत, आकाश निळे होऊन थांबले आहे, ती घटका. आपण तिला कातरवेळ म्हणतो, आणि घरात त्या वेळी झोपू नये, रडू नये असे सांगतो. या अत्तरात 'आप्रे लोंदे'चीच माणसे आहेत: व्हायोलेट, हेलिओट्रोप, कार्नेशन, आयरिस. पण इथे ती वयाने वाढली आहेत. नारिंगीच्या मोहोराचा आणि व्हॅनिलाचा शेला त्यांनी पांघरला आहे. धाकटी बहीण सरीनंतर बागेत उभी होती, थोरली संध्याकाळी खिडकीत बसली आहे. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, महायुद्ध पेटले. त्या निळ्या संध्याकाळीनंतरची रात्र किती लांबणार हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? युद्धानंतर फ्रेंच लोकांनी या अत्तरात हरवलेल्या जगाचा निरोप वाचला. जाकच्या मनात तो होता की नाही, कळायला मार्ग नाही.

आता माझ्यातला बँकवाला थोडे बोलणार आहे. हळू बोलणाऱ्या मालावर दुकान चालत नाही. 'आप्रे लोंदे'चे चाहते निष्ठावान, पण मोजके. अशा चाहत्यांच्या भांडवलावर शाँझेलिझेसारख्या रस्त्यावर इमारत उभी राहत नाही, आणि गेर्लांची ६८ क्रमांकाची इमारत तर १९१४ मध्येच उभी राहिली होती. जाकला हे कळत होते. गाब्रिएलचा मुलगा होता तो. १९२५ मध्ये पॅरिसच्या सजावटकलेच्या प्रदर्शनात त्याचे 'शालीमार' झळकले. त्याची कथा अशी सांगतात की, एथिल व्हॅनिलीन हे नवे, व्हॅनिलीनहून कितीतरी तीव्र द्रव्य हाती आले तेव्हा जाकने ते काकाच्या 'झिकी'त ओतून पाहिले, आणि त्या खोडीतून हे अत्तर जन्मले. गोड, धुरकट, अंगाला बिलगणारे. न बोलणाऱ्या माणसाने एकदा टिपेचा सूर लावला आणि सगळे जग वळून पाहू लागले. 'शालीमार' आजही गेर्लां घराण्याचे सर्वांत प्रसिद्ध नाव आहे.

या नावाला त्यांनी शाहजहान आणि मुमताजची प्रेमकथा जोडली. शालीमार बागेत म्हणे त्यांचे प्रेम फुलले. काश्मीरचा शालीमार जहांगीरने १६१९ च्या सुमारास घडवला, लाहोरचा शाहजहानने १६४१-४२ मध्ये. मुमताज त्याआधीच, १६३१ मध्ये वारली होती. आणि वारली ती कुठल्या बागेत नव्हे, तर आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुरात, तापीच्या काठी, बाळंतपणात, दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या नवऱ्याच्या सोबत. पॅरिसला या तपशिलांशी काय कर्तव्य? त्यांना पूर्वेचे स्वप्न हवे होते, ते मिळाले. पण व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर 'शालीमार'ने एक मोठे काम केले. त्याने घराची चूल पेटती ठेवली, आणि त्या उबेला 'आप्रे लोंदे'सारखी अशक्त लेकरे जगली. बँकेत आम्ही पाहत आलो, एका खात्याच्या जोरावर दुसरे खाते तरते. फरक एवढाच की तोट्याचे खाते बंद करायला बहुतेक मालक टपलेले असतात. गेर्लांनी ते दशकानुदशके चालू ठेवले.

१९३३ मध्ये जाकने 'व्होल द न्युई' काढले. रात्रीच्या टपाल-विमानांवरची सेंत-एक्झुपेरीची कादंबरी नुकतीच गाजली होती, तिचे हे नाव. जाक तेव्हा साठीला टेकला होता. मग दुसरे महायुद्ध आले. या युद्धाने त्याचा धाकटा मुलगा नेला. १९४३ मध्ये बेकाँ-ले-ब्रुयेर इथला कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर कारखाना पुन्हा उभा राहिला. विटा पुन्हा रचता येतात. जाकचा हात मात्र मंदावला तो मंदावलाच. आयुष्यभर ज्याने हुरहूर नावाची गोष्ट थेंबाथेंबाने मोजून बाटलीत भरली, त्याच्या दारात खरी हुरहूर येऊन बसली तेव्हा त्याला तिचे अत्तर करावेसे वाटले नाही. दुःखाची रचना करणे आणि दुःख सोसणे यांत किती अंतर आहे, हे लिहिण्याचा धंदा करणाऱ्या आम्हा लोकांनी त्याच्याकडून शिकावे. आम्ही तर घरातला माणूस गेला की दिवाळी अंकाच्या आत मजकूर तयार करतो.

त्याच्या म्हातारपणी नातू पुढे आला. झाँ-पोल, जन्म १९३७ चा. डोळ्यांनी लहानपणापासून अधू. शाळेत मागे पडणाऱ्या या पोराचे नाक आपल्या तोडीचे आहे हे आजोबांनी हेरले आणि ऐंशीच्या घरात असताना त्याला शेजारी बसवले. १९५५ चे 'ओद' हे आजोबांचे शेवटचे अत्तर नातवाच्या साथीने झाले. कसे शिकवले असेल त्याने? सुवासाला लिपी नाही. कागदावर द्रव्यांची नावे आणि मापे असतात, पण कुठे थांबायचे ते त्यात लिहिलेले नसते. आमच्याकडे तानपुरा धरून शिष्य वर्षानुवर्षे गुरूच्या मागे बसतो, तसेच काहीसे असणार. जाकने नातवाला द्रव्ये ओळखायला शिकवली असतील. पण खरा वारसा दिला तो हात आखडता घेण्याचा. आणखी एक थेंब टाकण्याचा मोह होतो, तिथे बाटलीला बूच लावायचे.

२ मे १९६३ रोजी जाक गेर्लां पॅरिसमध्ये वारला. वय ८८. पुढच्याच वर्षी दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी, बेअर आणि थॉमस यांनी, पावसानंतर मातीतून येणाऱ्या वासाचे शास्त्रीय नामकरण केले, पेट्रिकॉर. सरीनंतरच्या सुवासाला साठ वर्षे आधी ज्याने नाव आणि रूप दिले, त्याच्या पाठोपाठ विज्ञान तिथे पोहोचले, असे म्हणायचा मोह होतो. वास निराळा, पाऊस निराळा, तरी योगायोग मोठा गोड आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी. नातू झाँ-पोलने घराणे पुढे नेले. १९९४ मध्ये गेर्लां कुटुंबाने ते मोठ्या उद्योगसमूहाला, एलव्हीएमएचला, विकले. काळानुसार अत्तरांच्या कृतीही बदलल्या. काही जुन्या कृत्रिम कस्तुऱ्या अपायकारक ठरल्या. लवंगेतल्या युजेनॉलवर मर्यादा आल्या. मिरीतून निघालेल्या त्या मवाळ हेलिओट्रोपिनपासून मादक द्रव्ये बनवता येतात, म्हणून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय पहारा बसला. 'आप्रे लोंदे'चा गाढा अर्क निघेनासा झाला, हलके रूप तेवढे राहिले, आणि तेही १९०६ चे जसेच्या तसे नव्हे. चित्र संग्रहालयात टांगता येते, पुस्तक पुन्हा छापता येते. सुवास उडून जातो. हेच ओळखून फ्रेंचांनी १९९० मध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक नावाचे सुगंधांचे संग्रहालय काढले. तिथे जुनी अत्तरे मूळ कृतीबरहुकूम करून, अंधारात, १२ अंश सेल्सिअसला, आरगॉन वायूखाली जपून ठेवतात. वासाचा लॉकरच तो.

त्यावरून आमचा लॉकर. काकू १९९३ च्या हिवाळ्यात गेल्या. मूलबाळ नव्हते. पुतणीच्या नावे कागदपत्रे झाली आणि रिवाजाप्रमाणे साक्षीदारांसमक्ष कप्पा उघडून यादी करायचे काम माझ्याकडे आले. यादीत वस्तूचे वर्णन आणि नग लिहायचे, किंमत लिहायची नाही. पाटल्या, एक जोड. मोहनमाळ, एक. चांदीची अत्तरदाणी, एक. शेवटी रुमालातली बाटली निघाली. तिचे बूच मी उघडले नाही, तरी तो वास आलाच. फुलांचा, पावडरचा, दूरचा. मग गेला. मग पुन्हा आला.

काचेची बाटली, एक, असे मी लिहिले. पुढे कंसात रिकामी हा शब्द लिहायचा होता. पुतणीने मान खाली घालून बाटली नाकाशी धरली होती आणि साक्षीदार घड्याळाकडे पाहत होते. यादी बरोबर असायला हवी म्हणून मी तो शब्द लिहिला. नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. त्यांतल्या या एका कागदावर मी खोटे लिहिले, असे मला आजही वाटते.